शिकणाऱ्याच्या नावाचे खाते

प्रौढ माणसाच्या शिक्षणासाठी सरकारने द्रव्य खर्च करावे, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो ते द्रव्य कोणाच्या हाती द्यावे याविषयी. शाळेच्या हाती दिले तर शाळा चालते, शिक्षकाला वेतन मिळते. परंतु शिकणाऱ्याला जे हवे तेच तेथे शिकविले जाईल याची शाश्वती नसते. उलट, शिकणाऱ्याच्या नावे खाते उघडून त्यात रक्कम मांडली, तर तो आपल्या गरजेप्रमाणे विद्या निवडू शकतो. परंतु त्या खात्यावर डोळा ठेवून बसणाऱ्यांची मग वाण राहत नाही.

वरवर पाहता हा प्रश्न अर्थशास्त्र्यांचा वाटेल. वास्तविक तो आपल्या घरातला आहे. चौथीनंतर जिची शाळा सुटली ती सून, बापाच्या हाताखाली गवंडीकाम शिकलेला पण नकाशा वाचता न येणारा मुलगा, पंचेचाळिसाव्या वर्षी कारखाना बंद पडल्यामुळे घरी बसलेला भाऊ, ही माणसे कोणत्या गावात नाहीत? त्यांच्यासाठी सरकार काही रक्कम राखून ठेवते, असे कानावर येते. ती रक्कम कशी येते, कोठे जाते आणि तिच्यातून खरोखर विद्या पदरात कशी पडावी, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

या विचारासाठी हैदराबाद शहराचे उदाहरण घेण्यास दोन कारणे आहेत. एक तर हे शहर मराठी माणसाला परके नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत मराठवाड्याचे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. विवेकवर्धिनीसारखी मराठी शाळा तेथे १९०७ पासून चालत आली आहे. आणि नांदेड, लातूरकडचे कित्येक लोक आजही कामासाठी त्याच शहराची वाट धरतात. दुसरे कारण असे की, वय वाढलेल्या माणसाला पुन्हा विद्येच्या वाटेवर कसे आणावे, याचे दोन मोठे प्रयोग या शहराशी निगडित आहेत. त्यांचा परामर्श प्रथम घेऊ.

दुर्गाबाईंचा मार्ग

दुर्गाबाई देशमुख यांचे नाव वाचकांच्या परिचयाचे असेल. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख हे महाडजवळच्या नाते गावचे. त्यांच्याशी १९५३ साली दुर्गाबाईंचा विवाह झाला आणि उत्तर आयुष्यात उभयतांनी हैदराबादेत वास्तव्य केले. चिंतामणरावांचे देहावसानही १९८२ साली त्याच शहरी झाले.

दुर्गाबाईंचा जन्म १९०९ सालचा, राजमहेंद्रीचा. शाळेत इंग्रजी माध्यम लादले जाते म्हणून लहान वयातच त्यांनी शाळा सोडली. पुढे मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास घडला. बरोबरीच्या मुली शिकून बाहेर पडल्या, तरी यांची मॅट्रिकही व्हावयाची होती. तुरुंगातून सुटल्यावर बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा त्यांनी बाहेरून दिली. मग पदवी, मग एम. ए. आणि अखेर मद्रासला कायद्याची पदवी असा मार्ग त्यांनी पार केला. मद्रासमध्ये आपल्यासारख्याच शाळा सुटलेल्या मुलींना व स्त्रियांना जमवून त्या याच परीक्षेसाठी त्यांची तयारी करून घेऊ लागल्या. या खटपटीतूनच १९३७ च्या सुमारास आंध्र महिला सभा ही संस्था आकारास आली. हैदराबादेतही पुढे तिचा मोठा विस्तार झाला. रुग्णालय, स्त्रियांचे महाविद्यालय, साक्षरतेचे केंद्र अशा तिच्या शाखा तेथे उभ्या राहिल्या.

दुर्गाबाई १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अध्यक्षा झाल्या. त्या वेळी एक विचित्र अडचण सर्वांच्या ध्यानी आली होती. खेड्यापाड्यांत ग्रामसेविका, शिक्षिका, परिचारिका, सुईणी नेमावयाच्या होत्या. जागा मंजूर होत्या, पण त्यांसाठी लागणारे शिक्षण असलेल्या स्त्रियाच खेड्यांत मिळत नव्हत्या. दुसरीकडे, परित्यक्ता, विधवा, घरची गरीब अशा असंख्य स्त्रिया कामाच्या शोधात होत्या. परंतु त्यांची शाळा मध्येच सुटली होती. यावर मंडळाने १९५८ मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रम सुरू केला. लहान मुलाला जो अभ्यास करावयास अनेक वर्षे लागतात, तो जाणत्या स्त्रीला सुमारे दोन वर्षांत करवून परीक्षेला बसवावयाचे, अशी ही योजना होती. वय वाढलेली स्त्री मंदबुद्धी नसते. संसाराने तिला हिशेब, मोजमाप व माणसांची पारख शिकविलेली असते. फक्त पुस्तकाशी तिची गाठ तुटलेली असते, हे तत्त्व त्यामागे होते.

या योजनेत द्रव्य शिकणाऱ्या स्त्रीच्या नावे जमा होत नसे. ते तिला शिकविणाऱ्या संस्थेला अनुदान म्हणून मिळे. याचा लाभ असा की, संस्थेची माणसे त्या स्त्रीच्या घरी जात, सासूची समजूत घालीत, मूल आजारी पडले तर काय करावयाचे ते पाहत आणि परीक्षेच्या दिवसापर्यंत तिचा हात सोडीत नसत. उणीव अशी की, जेथे चांगली संस्था नाही तेथे शिक्षणही नाही. शिवाय शिवण शिकावयाची असलेल्या स्त्रीला मॅट्रिकचा वर्ग असेल तर मॅट्रिकच्याच वर्गात बसावे लागे. निवड तिची नव्हती.

उंबरठा काढून टाकणारे विद्यापीठ

दुसरा प्रयोग १९८२ सालचा. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात हैदराबादेत आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. भारतातील हे पहिले मुक्त विद्यापीठ होय. डॉ. जी. राम रेड्डी हे त्याचे पहिले कुलगुरू. तीन वर्षांनी दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याची धुराही त्यांच्यावरच सोपविण्यात आली. हैदराबादच्या विद्यापीठाला १९९१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यात आले. आपल्या नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चे, म्हणजे या हैदराबादच्या विद्यापीठाचे धाकटे भावंडच म्हणावयाचे.

येथे नवीन होते ते एवढेच की, विद्यार्थ्याने विद्यापीठाकडे जाण्याऐवजी विद्यापीठाने विद्यार्थ्याकडे जावयाचे. छापील पुस्तके घरी येत. रेडिओवर पाठ लागत. सुट्टीच्या दिवशी जवळच्या महाविद्यालयात वर्ग भरत. ज्याच्यापाशी शाळेचा दाखला नाही अशा प्रौढालाही एक पात्रता परीक्षा देऊन पदवीच्या वर्गात येण्याची वाट प्रारंभी ठेवण्यात आली होती. कारकून, बसवाहक, पोलीस शिपाई, गृहिणी यांना नोकरी किंवा चूल न सोडता शिकता यावे, हा हेतू होता.

तथापि उंबरठा काढला म्हणून घरात सर्वच येतात असे नाही. मुक्त शिक्षणाचा जगभरचा अनुभव असा आहे की, नाव घालणारे पुष्कळ असतात आणि शेवटास जाणारे त्या मानाने थोडे. पुस्तक टपालाने घरी आले तरी ते उघडावयास लागणारी उसंत टपालाने येत नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

खात्याची कल्पना

आता मूळ विषयाकडे वळू. गेल्या पंचवीस वर्षांत काही देशांनी तिसरा मार्ग धरला. संस्थेला अनुदान देण्याऐवजी प्रत्येक प्रौढ नागरिकाच्या नावे शिक्षणाचे एक खाते उघडावयाचे. त्यात सरकारने ठरावीक रक्कम मांडावयाची. आणि नागरिकाने ती आपल्या पसंतीच्या शिक्षणावर खर्चावयाची. रोख हातात मिळत नाही. शिकविणाऱ्याला परस्पर पोहोचते. पैसा शिकणाऱ्याच्या मागून चालत असल्यामुळे शिकविणाऱ्यांना त्याची गरज ओळखावी लागेल आणि वाईट शाळा आपोआप ओस पडतील, असे या कल्पनेच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे.

इंग्लंडमध्ये ही योजना सप्टेंबर २००० मध्ये मोठ्या उत्साहाने सुरू झाली. प्रारंभीच्या दहा लाख लोकांसाठी अशी सवलत होती की, शिकणाऱ्याने स्वतःचे २५ पौंड घातले तर सरकार १५० पौंड देईल. पुढे काही शिक्षणक्रमांच्या शुल्कात, विशेषतः संगणकाच्या व गणिताच्या प्राथमिक शिक्षणात, मोठी सूट ठेवण्यात आली. दहा लाख खात्यांचे उद्दिष्ट मुदतीच्या कितीतरी आधी पूर्ण झाले आणि एक वर्षाच्या आसपास पंचवीस लाखांवर खाती उघडली गेली. कागदावर पाहता यापरते यश ते कोणते?

परंतु नोव्हेंबर २००१ मध्ये सरकारला ही योजना घाईघाईने बंद करावी लागली. कारण कोणते, तेही पाहू. पहिले हे की, शिकविणाऱ्याची पारख कोणी केलीच नव्हती. एक साधा अर्ज भरला की कोणीही शिक्षणसंस्था म्हणून नोंदविला जाई. दुसरे कारण याहून महत्त्वाचे. ज्याला खाते म्हणत, त्यात प्रत्यक्षात पैसा नव्हताच. होता तो केवळ एक क्रमांक. ‘या क्रमांकाच्या माणसाला आम्ही शिकविले’ असे संस्थेने कळविले की सरकार तिला रक्कम देई. म्हणजे ज्याच्या हाती क्रमांक, त्याच्या हाती पैसा. दारोदार फिरून लोकांची नावे भरून घेणारे दलाल निघाले. क्रमांकांची विक्री होऊ लागली. आणि आपण न शिकलेल्या विद्येचे शुल्क आपल्या नावावर पडले आहे, हे कित्येकांना मागाहून कळले. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २००२ मध्ये जो अहवाल दिला, त्यात फसवणूक व गैरवापर यांची रक्कम ९ कोटी ७० लाख पौंडांपर्यंत जाऊ शकते असा अंदाज होता.

यात खऱ्या विद्यार्थ्यांचे नुकसान फार झाले. योजना एकाएकी थांबली, त्यामुळे कित्येकांचे वर्ग अर्ध्यावर राहिले; आणि प्रामाणिकपणे शिकविणाऱ्या लहान संस्था, ज्यांनी सरकारच्या भरवशावर शिक्षक नेमले होते, त्या अडचणीत सापडल्या. चोराने लुटले आणि शिक्षा साधूला झाली, तसाच हा प्रकार.

कल्पना मात्र तेथेच मेली नाही. वेल्स व स्कॉटलंड यांनी दोन-तीन वर्षांत ती पुन्हा उचलली. परंतु आता खाते सरसकट सर्वांना न देता कमी उत्पन्नाच्या लोकांकडे वळविले आणि शिकविणाऱ्यांवर देखरेख वाढविली.

सिंगापूर आणि फ्रान्स

सिंगापूरने जानेवारी २०१६ पासून पंचवीस वर्षांवरील प्रत्येक नागरिकाच्या नावे ५०० सिंगापुरी डॉलरचे शिक्षणखाते उघडले. पुढच्याच वर्षी तेथेही एक टोळी उघडकीस आली. नावापुरत्या नऊ कंपन्या दाखवून तिने न झालेल्या शिक्षणाची बिले केली आणि सुमारे ४ कोटी डॉलर उचलले. इतक्या शिस्तीच्या देशात हे घडावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. सिंगापूरने मात्र योजना बंद न करता तपासणी कडक केली, गुन्हेगारांना न्यायालयात खेचले आणि खाती पुढे चालू ठेवली. २०२४ मध्ये चाळीस वर्षांवरील नागरिकांच्या खात्यात आणखी ४,००० डॉलर मांडण्यात आले. मात्र हा पैसा कामधंद्यास उपयोगी पडणाऱ्या निवडक शिक्षणक्रमांवरच खर्चता येतो. आयुष्याच्या मध्यावर माणसाला धंदा बदलावा लागला तर त्याच्यामागे राज्य उभे आहे, असा याचा अर्थ.

फ्रान्समध्ये २०१५ पासून प्रत्येक कामगाराचे असे खाते असते. २०१९ पासून ते रकमेत मोजले जाऊ लागले: वर्षाला ५०० युरो, एकंदर ५,००० पर्यंत. ज्याचे शिक्षण अगदी कमी त्याला वर्षाला ८०० युरो व मर्यादा ८,००० ची. ज्याला कमी मिळाले त्याच्या ताटात अधिक वाढावयाचे, हा न्याय येथे दिसतो. परंतु तेथेही फोन करून लोकांना नको ते वर्ग घ्यावयास लावणाऱ्यांचा एवढा सुळसुळाट झाला की, २०२२ च्या अखेरीस असे फोन करण्यास कायद्यानेच बंदी करावी लागली. २०२४ पासून शिकणाऱ्याने शुल्कात स्वतःचेही १०० युरो घालावेत असा नियम झाला. बेकारांना त्यातून सूट आहे. पदरचे काही घातले म्हणजे माणूस विचार करून निवडतो, हा त्यामागील तर्क.

या तिन्ही देशांचा इतिहास एकत्र ठेवून पाहिला, तर शिकण्याची इच्छा लोकांत नव्हती म्हणून कोठेही योजना अडली असे दिसत नाही. अडली ती शिकविणाऱ्याची पारख नसल्याने आणि शिकणाऱ्याला सल्ला देणारे कोणी नसल्याने.

आपल्या देशातील रीत

भारतात प्रत्येक नागरिकाचे असे खाते नाही. तरी त्या कल्पनेच्या जवळ जाणारे प्रयत्न झाले आहेत. जुलै २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली. तिच्या पहिल्या टप्प्यात शिकून परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याच्या बँक खात्यात सरासरी ८,००० रुपये बक्षीस जमा करावयाचे, अशी कल्पना होती. पुढील टप्प्यात मुख्य रक्कम पुन्हा प्रशिक्षण देणाऱ्या केंद्राकडे जाऊ लागली. म्हणजे आपल्याकडेही पैसा कोणाच्या हाती द्यावा याविषयी सरकारचे मन दोन्ही बाजूंना झुकून आले आहे. २०२५ च्या डिसेंबरात संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात या योजनेच्या नोंदींवर कडक ताशेरे आहेत. बहुतेक शिकाऊंच्या नोंदींत बँक खात्याचा रकाना रिकामा किंवा निरर्थक आढळला. ज्याच्या खात्याचा क्रमांकच नोंदीत नाही, त्याच्यापर्यंत त्याचा हक्काचा रुपया पोहोचला की नाही, हे कोण सांगणार?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी आरंभ झालेली प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना आपल्या वाचकांना अधिक जवळची वाटेल. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, गवंडी, शिंपी, चांभार, न्हावी, परीट, होडी बांधणारा, मासेमारीची जाळी विणणारा, टोपल्या विणणारा अशा अठरा कारागिरांसाठी ती आहे. अर्जदाराचे वय अठरा पूर्ण असावे आणि एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. नाव नागरी सेवा केंद्रावर नोंदवावयाचे; मग ग्रामपंचायत किंवा नगरपालिका खातरजमा करते. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण असते. ज्याला हवे त्याला पुढे पंधरा दिवसांचे किंवा अधिक मुदतीचे प्रगत प्रशिक्षणही घेता येते. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन मिळते आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे प्रतिपत्र मिळते. धंद्यासाठी पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख आणि मग दोन लाख रुपयांपर्यंत कर्जाची सोय आहे. म्हणजे शिक्षण, मजुरीची भरपाई, अवजार आणि भांडवल अशा चारही गोष्टी एकाच माणसाच्या नावे चालत येतात. हे आपल्याकडचे कारागिराचे खातेच म्हणावयास हरकत नाही.

मजुरीचा हिशेब

दिवसाला विद्यावेतन कशासाठी, असे कोणी विचारील. उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा, एका गवंड्याची दिवसाची मजुरी ७०० रुपये आहे. सात दिवस तो प्रशिक्षणाला बसला तर ४,९०० रुपयांची मजुरी बुडते. विद्यावेतन ३,५०० रुपये मिळते. म्हणजे पदरचे १,४०० रुपये घालून तो शिकतो. शिवाय विद्यावेतन खात्यात जमा होईपर्यंत वाण्याची उधारी थांबत नाही. फुकट शिक्षण असे आपण ज्याला म्हणतो, ते गरिबाला कधीच फुकट नसते. त्याची किंमत बुडालेल्या मजुरीत मोजावी लागते. हीच गोष्ट स्त्रीची. तिच्या कामाची मजुरी कोणी मोजत नाही. पण ती दोन तास वर्गात बसली तर पाणी कोण भरील, भाकरी कोण भाजील आणि तान्ह्याला कोण सांभाळील, हा प्रश्न उभा राहतोच. दुर्गाबाईंच्या काळची संक्षिप्त शिक्षणक्रमाची वर्गबाई घरोघर का जाई, याचे उत्तर येथे आहे. आणि मुक्त विद्यापीठाची पुस्तके घरी येऊनही कित्येकांची परीक्षा का राहते, याचेही.

तेव्हा दोन्ही मार्गांतील गुण घेणेच शहाणपणाचे ठरेल. पैसा शिकणाऱ्याच्या नावे असावा, म्हणजे त्याला मान राहतो आणि निवड करता येते. परंतु त्याच्या जोडीला त्याला सल्ला देणारे, त्याची विचारपूस करणारे आणि शिकविणाऱ्याची पारख करणारे कोणीतरी असावे. इंग्लंडच्या योजनेत खाते होते, पण विचारपूस करणारे कोणी नव्हते. आपल्या जुन्या संस्थांत विचारपूस होती, पण निवड नव्हती.

अर्ज भरण्यापूर्वी

सरकारने काय करावे हे सरकार पाहील. परंतु आपल्या घरात कोणी अशा योजनेत नाव घालणार असेल, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

प्रथम हे विचारावे की, हे शिकून नेमके कोणते काम येईल आणि ते काम आपल्या पंचक्रोशीत किंवा जाता येईल इतक्या अंतरावर आहे काय. शिकविणाऱ्या केंद्राकडून पूर्वी शिकून गेलेल्या दोघा-चौघांना प्रत्यक्ष भेटावे; छापील जाहिरातीपेक्षा त्यांचे बोलणे अधिक मोलाचे. वर्ग कोठे भरतो, यंत्रे व अवजारे आहेत काय, हे डोळ्यांनी पाहून यावे.

दुसरे, आपल्या नावाचा क्रमांक म्हणजे आपल्या पेटीची किल्ली आहे असे समजावे. आधार क्रमांक, बँकेचे पुस्तक, भ्रमणध्वनीवर येणारा सांकेतिक आकडा आणि अंगठ्याचा ठसा या चार गोष्टी कोणाच्या सांगण्यावरून, कशासाठी ते न समजता, देऊ नयेत. विश्वकर्मा योजनेच्या नोंदणीसाठी कारागिराकडून शुल्क घेतले जात नाही. ‘साहेबांना द्यावे लागतात’ असे म्हणून कोणी शंभर-दोनशे मागू लागला, तर त्याच वेळी उठून यावे.

तिसरे, कोऱ्या कागदावर सही करू नये. अर्जाची एक प्रत, प्रवेशाचा दिनांक, हजेरीची नोंद आणि मिळालेले प्रमाणपत्र एका पाकिटात घालून घरच्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावे. जेथे हजेरी न लावता प्रमाणपत्र मिळते, तेथे विद्या तर नसतेच. वर उद्या चौकशी निघाली तर आपलेच नाव कागदावर सापडते.

चौथे, कर्ज मिळते म्हणून कर्ज काढू नये. अवजार हाताला बसू द्यावे, गिऱ्हाईक जमू द्यावे, मगच बँकेची पायरी चढावी.

ज्यांना अक्षरओळखच नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारचा ‘उल्लास’ या नावाने ओळखला जाणारा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला आहे. पंधरा वर्षांवरील कोणालाही त्यात शिकता येते. शिकविणारे स्वयंसेवक असतात. त्यांना वेतन नसते. म्हणजे येथे सरकारच्या पैशापेक्षा शेजाऱ्याच्या वेळेची गरज अधिक. २०११ च्या शिरगणतीत तेलंगणाच्या प्रदेशात सात वर्षांवरील दर तीन माणसांत सुमारे दोघेच साक्षर आढळले होते. महाराष्ट्राची स्थिती त्याहून बरी होती, तरी आपल्याकडेही बँकेत अंगठा उठविणारी वडीलधारी माणसे आहेतच. महाविद्यालयात जाणाऱ्या नातवंडाने आजीला आठवड्यातून चार दिवस अर्धा तास दिला, तर तिला आपले नाव लिहिता येईल, बँकेच्या पुस्तकातली शिल्लक वाचता येईल. आणि तिच्या नावावर कोणी काय लिहिले आहे, हे कळावयास तिला दुसऱ्याचे तोंड पाहावे लागणार नाही.

गावातील शिकलेल्या तरुणांनी आणखी एक गोष्ट मनावर घ्यावी. महिन्यातून एका रविवारी दोघांनी एखाद्या ओटीवर बसावे आणि ज्यांना अर्ज भरावयाचा असेल त्यांचे कागद पाहून द्यावेत. कोठे नाव घालावे, कोठे घालू नये, हे समजुतीने सांगावे. परक्या दलालाला दिलेले दोनशे रुपये वाचतील, हा लाभ लहान. परंतु आपल्याच माणसाने सांगितल्यामुळे शिकावयास जाण्याचा धीर येईल, हा लाभ मोठा. वयाची चाळिशी उलटलेल्या माणसाला पुन्हा वर्गात बसावयाची लाज वाटते. ती लाज कोणत्याही सरकारी आज्ञेने जात नाही. शेजाऱ्याच्या एका शब्दाने जाते.

घरच्या कर्त्या पुरुषांना शेवटी एवढेच सांगणे आहे. सून किंवा बायको शिकावयास निघाली तर ती घर सोडून चालली असे समजू नका. ज्या काळी शिकलेल्या सुईणी व शिक्षिका खेड्यांना मिळत नव्हत्या, त्या काळी संसाराच्या मध्यावर पुन्हा पाटी हाती घेणाऱ्या अशाच स्त्रियांकडे देशाने आशेने पाहिले. सरकार खात्यात रुपये जमा करील. संध्याकाळचे दोन तास मात्र घरच्यांनीच तिच्या नावे जमा करावयाचे असतात. ते जमा झाले नाहीत, तर बाकीचे खाते भरलेले असूनही रिकामेच राहते.